मदत हवी आहे: हार्ड डिस्क दिसते, पण उघडत नाही

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितेय, जरा घाबरूनच.

१ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आहे. परवा लाइट गेली तेव्हा कॉपी चालू होती. तेव्हापासून ती लावली की ड्राइव्हचं अक्षर दिसतं, पण क्लिक केलं की विंडोज म्हणतं, आधी फॉरमॅट करा. मी ‘कॅन्सल’च केलंय. डिस्क मॅनेजमेंटमध्ये आकार बरोबर ९३१ जीबी दिसतो, पण एनटीएफएसच्या (विंडोजची फाइल ठेवायची पद्धत) जागी ‘रॉ’ लिहिलेलं, म्हणजे विंडोजला ती पद्धत ओळखताच येत नाहीये. केबल बदलली, भावाच्या लॅपटॉपला लावली, तेच. टकटक आवाज नाही, डिस्क नीट फिरते.

त्यात आमच्या आजीच्या ओव्या आहेत, तिच्याच आवाजात, जवळजवळ चाळीस. आजी आता नाही. दुसरी प्रत करायची राहूनच गेली, त्याचं फार वाईट वाटतंय.

आरएनटी मार्गावरच्या एका दुकानदाराने डिस्क हातात घेताच “फॉरमॅट करके रिकवर कर देंगे” म्हटलं. मी उचलून परत आणली.

वाचून एवढं कळलं की त्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. आधी लिनक्समधल्या डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने दुसऱ्या डिस्कवर पूर्ण इमेज (जशीच्या तशी प्रत) घ्यायची, मग त्या इमेजवरच टेस्टडिस्क हा डेटा परत मिळवायचा प्रोग्राम चालवायचा. २ टीबीची नवी डिस्क आणलीय. पण लिनक्स कधी वापरलेलं नाही. चुकून उलटी कॉपी झाली तर? मूळ डिस्क कोणती हे तिथे खात्रीने कसं ओळखायचं? आणि स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) ‘पेंडिंग सेक्टर’, म्हणजे वाचताना अडलेले भाग, ८ दिसतात, तर घरी करावं की थेट लॅबकडे द्यावं?

कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. तोवर डिस्क काढून ठेवलीय.