मदत हवी आहे: मालीतल्या २०२० च्या निकालाचा घोळ कुणी समजावेल का?

मंडळी, एमएच्या सेमिनारसाठी मी माली या पश्चिम आफ्रिकेतल्या देशाची २०२० ची संसदीय निवडणूक घेतलीय आणि एका जागी पार अडकलेय.

मार्च-एप्रिलमध्ये, ऐन कोरोनात, दोन फेऱ्यांत मतदान झालं. विरोधी पक्षनेते सुमायला सिसे यांना तर प्रचारातूनच पळवून नेलं होतं! सरकारने जाहीर केलेल्या आकड्यांत सत्ताधारी पक्षाला साधारण ४१ जागा होत्या. मग ३० एप्रिलला घटनात्मक न्यायालयाने काही मतं बाद ठरवून तीसेक जागांचे निकाल फिरवले आणि तोच पक्ष ५१ वर गेला. (एकूण जागा १४७.) जूनपासून राजधानी बामाकोत लोक रस्त्यावर आले आणि १८ ऑगस्टला लष्कराने राष्ट्राध्यक्ष केइता यांना पायउतार केलं.

माझं घोडं अडलंय ते न्यायालयापाशी. मतं बाद केली ती नेमक्या कोणत्या कारणाने? आपल्याकडे निवडणूक याचिका उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चालते, इथे काही दिवसांत सगळं उरकलं! निकालपत्र फ्रेंचमध्ये आहे. भाषांतराच्या ॲपने त्याची नुसती खिचडी केलीय. फ्रेंच येणारं कुणी दोन-तीन पानं बघून देईल का? सेमिनार पुढच्या गुरुवारी आहे.