स्वतःच्या वेबसाइटवरून गेम द्यायचाय: ६४० एमबीचं डाउनलोड मध्येच तुटतं

कोरी_पाटी
गोडो या गेम बनवायच्या इंजिनमधला गेम विंडोज आणि लिनक्ससाठी मोफत द्यायचाय. झिप ६४० एमबीची आहे. डोमेन स्वतःचं, होस्टिंग साधं शेअर्ड, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट. किती जणांनी उतरवला ते मोजायला पीएचपी स्क्रिप्ट (सर्व्हरवर चालणारा छोटा प्रोग्राम) लावलीय आणि डाउनलोडचं बटण तिलाच जोडलंय. मोबाइल नेटवर ३००-४०० एमबीला डाउनलोड तुटतं आणि परत शून्यापासून सुरू होतं. होस्टिंग बदलावं का? शिवाय विंडोज अनोळखी ॲप म्हणून अडवतं, त्याला काय करायचं?

सर्व्हरकट्टा
होस्टिंगच्या आधी ती स्क्रिप्ट बघा. पीएचपी स्वतः फाइल वाचून ब्राउझरकडे ढकलत असेल, तर सर्व्हरची वेळमर्यादा संपली की जोडणी तुटते. आणि अशा स्क्रिप्टमध्ये रेंज रिक्वेस्ट, म्हणजे फाइलचा ठरावीक भागच मागणारी विनंती, बहुधा हाताळलेली नसते, म्हणून ब्राउझरला राहिलेला तुकडा मागता येत नाही. खात्री करायची तर कर्लने (कमांड लाइनवरून लिंक तपासायचं साधन) त्या लिंकवरून फक्त पहिले १०० बाइट मागा. उत्तरात २०६ हा कोड (मागितलेला तुकडाच दिला) आलं तर ठीक. २०० येऊन अख्खी फाइल सुरू झाली, तर दुखणं तिथेच आहे.

उपाय दोन ओळींचा: स्क्रिप्टने आकडा वाढवायचा आणि ३०२ ने (ब्राउझरला दुसऱ्या पत्त्याकडे वळवणारा कोड) थेट झिपच्या पत्त्यावर पाठवायचं. फाइल स्क्रिप्टऐवजी अपाचे किंवा एनजिनएक्स या वेब सर्व्हरने दिली की रेंज आपोआप चालते.

बँडविड्थ_वही
तरीही झिप शेअर्ड होस्टिंगवर ठेवू नका. १,००० डाउनलोड म्हणजे ६४० जीबी. 'अमर्याद' पॅकेजच्या अटी नीट वाचा, मोठ्या फाइली वाटायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. पान तुमच्याकडे राहू द्या, फाइल दुसरीकडे हलवा.

गिटहब रिलीजेसमध्ये (गिटहबवर तयार आवृत्त्या डाउनलोडला ठेवायची जागा) प्रत्येक फाइल २ जीबीपेक्षा लहान असली की झालं. गिटहब पेजेसशी (तिथली वेबसाइट होस्ट करायची सोय) गल्लत नको: तिथे महिन्याला १०० जीबीची मर्यादा, म्हणजे तुमचे जेमतेम १५६ डाउनलोड, आणि रेपोत (प्रोजेक्टच्या फाइली ठेवायच्या जागेत) १०० एमबीवरची फाइल चढतच नाही. स्वतःच्या सबडोमेनवरूनच द्यायचं असेल तर क्लाउडफ्लेअरची आर-टू ही फाइल साठवणीची सेवा घ्या. १० जीबीपर्यंत साठवण मोफत आणि बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे नाहीत. मी तेच सुचवेन.

बिल्डवाली
विंडोजच्या इशाऱ्याबद्दल. डिजिटल सही नसलेल्या एक्सीची (विंडोजवर चालणाऱ्या फाइलची) पत फाइलच्या हॅशवर, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेल्या ठशावर ठरते, त्यामुळे प्रत्येक नवं बिल्ड शून्यापासून सुरू होतं. सही केली की पत सर्टिफिकेटच्या नावावर जमते, पण पहिल्या दिवशी इशारा येऊ शकतोच. जून २०२३ पासून सहीची खाजगी किल्ली हार्डवेअर टोकनवर किंवा तशाच सुरक्षित सेवेत ठेवावी लागते, त्यामुळे खर्च वाढलाय. मोफत गेमसाठी तो मला पटत नाही. पानावर 'अधिक माहिती' आणि मग 'तरीही चालवा' हे स्क्रीनशॉटसह दाखवा, शेजारी झिपचा एसएचए-२५६ हॅश द्या.

याहून जास्त तक्रारी झिपमुळे येतात. लोक झिप न सोडवताच आतल्या एक्सीवर डबल क्लिक करतात. विंडोज तेवढी एक्सी तात्पुरत्या फोल्डरात काढतं, शेजारची पीसीके फाइल (गेमचा सगळा डेटा) मागेच राहते आणि गेम उघडत नाही. 'आधी सगळं एक्स्ट्रॅक्ट करा' हे बटणाच्या वरच लिहा. लिनक्सची प्रत विंडोजवर झिप केली तर चालवण्याची परवानगी गळते, म्हणून ती लिनक्सवरच टार-जीझेड (लिनक्सचा झिपसारखा प्रकार) करा.

कोरी_पाटी
कर्लने २०० च दिलं. ३०२ लावलं, आता थांबलेलं डाउनलोड पुढे सुरू होतंय. आर-टूवर हलवतोय. नवी आवृत्ती त्याच नावाने वर टाकली तर चालेल ना?

सर्व्हरकट्टा
नको. कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) जुनी झिप राहू शकते, पानावर नवा हॅश दिसतो आणि लोकांना फाइल बिघडल्यासारखी वाटते. नावातच आवृत्ती घाला, १.०.१ वगैरे. बटणाची लिंक नवी झिप पूर्ण चढल्यावरच बदला आणि जुनी निदान आठवडाभर राहू द्या, म्हणजे डाउनलोड अर्ध्यावर असलेल्यांना ४०४ (फाइल सापडली नाही) येणार नाही.