बाल्कनीचे पडदे घरी शिवतेय, वरच्या बाजूला काय करू?

ए ४०३: नमस्कार सगळ्यांना. हॉलच्या बाल्कनीच्या सरकत्या दाराला पडदे घरीच शिवायचे आहेत. कापड विकत आणत नाहीये. सासूबाईंच्या तीन सुती नारायणपेठी साड्या आहेत, दोन गर्द हिरव्या आणि एक विटकरी. नेसून नेसून अगदी मऊ झाल्यात. त्यांनीच दिल्या, म्हणाल्या पेटीत ठेवून काय करायचं, डोळ्यांसमोर राहू देत. घरगुती मशीन आहे, सरळ शिलाई चांगली जमते. अडलंय ते वरच्या भागावर. नेफा करू, रिंगा लावू की चुण्या घालू?

ए १०२: रिंगा लाव. आमच्या तिन्ही खोल्यांना रिंगाच आहेत. दुकानदार भोकं पाडून रिंगा बसवून देतो, आपण फक्त चार बाजू शिवायच्या. पडदा एका हाताने झर्रकन सरकतो.

ए ४०३: मलाही तेच सोपं वाटत होतं ताई.

बी २०१: थांबा थांबा. रिंग वाईट नाही, पण ती नव्या, जाड कापडाची. पडद्याचं सगळं वजन रिंगेच्या गोल कडेवर येतं आणि रोज दोनदा तिथेच ओढ बसते. म्हणून वर बकरम, म्हणजे ताठ कापडाची पट्टी, घालतात. जुन्या साडीला बकरम लावलंस तरी बकरम तेवढं ताठ राहील आणि त्याच्या खालच्या कडेशी साडी उसवेल. हाताखालून बऱ्याच साड्यांचे पडदे गेलेत माझ्या, फाटतं ते नेमकं तिथेच. शिवाय रिंगांसाठी पाडलेली भोकं परत बुजत नाहीत. सासूबाईंच्या साडीत भोकं पाडायची म्हणजे आधी शंभरदा विचार कर.

ए १०२: हे पटलं काकू. आमचे पॉलिस्टरचे आहेत, त्यामुळे काही झालं नाही.

बी २०१: पॉलिस्टरला रिंग अगदी छान बसते, काढूच नकोस. फक्त एका पडद्याला रिंगा सम संख्येत हव्यात, म्हणजे दोन्ही टोकं भिंतीकडे वळतात. विषम झाल्या की एक टोक खोलीत डोकावत राहतं.

बी ५०३: मग नेफा का नको? आमच्या गावच्या घरी सगळ्या दारांना नेफ्याचेच पडदे होते, स्प्रिंगच्या तारेवर ओवलेले. शिवायला तर सर्वांत सोपं.

बी २०१: शिवायला सोपं, सरकवायला अवघड. नेफ्यातला कपडा दांडीला घासत सरकतो. सुती असेल तर जास्तच अडतो, मग माणूस खालून ओढतो आणि नेफा फाटतो. जो पडदा एकदा लावला की हलवायचा नाही, त्याला नेफा. स्वयंपाकघराच्या खिडकीचा अर्धा पडदा, बाथरूमच्या खिडकीची जाळी, असं. बाल्कनीचं दार दिवसातून दहादा उघडायचं, कपडे वाळत घालायचे, तिथे नेफा नको.

बी ५०३: आम्ही भाड्याने आहोत, भिंतीत भोकं पाडायची परवानगी नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीला मग नेफाच करतो, दाबून बसवायच्या स्प्रिंगच्या दांडीवर.

बी २०१: अगदी बरोबर. दांडीच्या घेरापेक्षा नेफा थोडा सैल ठेवा आणि वर इंचभर झालर सोडा. कापड दांडीच्या लांबीच्या दुप्पट घ्या म्हणजे चुण्या आपोआप पडतात.

सी ६०४: ए ४०३, दार किती रुंद आहे? आपल्या सी विंगला आठ फूट आहे.

ए ४०३: आमचंही आठच. उंची सात फूट.

सी ६०४: मग रॉड की ट्रॅक, हे आधी ठरवा, वरची शिलाई नंतर. दोन्ही बाजूंना सहा सहा इंच जास्त धरले की नऊ फूट झाले. एवढ्या लांब रॉडला मध्ये आधार द्यावाच लागतो, नाहीतर पडद्याच्या वजनाने झोळ येतो. आणि मधल्या ब्रॅकेटवरून रिंग पलीकडे जात नाही, तिथेच अडते.

ए १०२: पण पडदे दोन असतात ना दादा. एक डावीकडे, एक उजवीकडे. ब्रॅकेट बरोबर मध्ये आलं तर कुठे अडतं?

सी ६०४: खिडकीला नाही अडत ताई. आपलं दार सरकतं आहे, उघडतं ते एकाच बाजूला. संध्याकाळी उजवी काच उघडली की दोन्ही पडदे डावीकडे ढकलावेसे वाटतात, निदान हवा तरी आत यावी. तेव्हा मधलं ब्रॅकेट आडवं येतं. ट्रॅक भिंतीला किंवा छताला वरून स्क्रूने बसतो, पडद्याचे हुक अडकवायचे छोटे रनर त्याच्या आतल्या खाचेतून धावतात, आधार कुठेच मध्ये येत नाही. नऊ फुटांना मी ट्रॅकच सुचवेन. आणि ट्रॅकला रिंगा चालतच नाहीत, हुक लागतात. म्हणजे वरच्या भागाचा निर्णय निम्मा इथेच झाला.

बी २०१: वा, हे फार नेमकं सांगितलंत. मीही तिकडेच येत होते. ट्रॅक असेल तर दोरीची टेप लाव. दुकानात पडद्याची टेप किंवा चुण्यांची टेप म्हण, देतील. तीन इंच रुंद असते, त्यात दोऱ्या आणि हुक अडकवायला छोटे खिसे असतात. टेप पडद्याच्या मागच्या बाजूला वरती शिवायची, दोऱ्या ओढल्या की सारख्या बारीक चुण्या पडतात.

ए ४०३: दुकानात असतात त्या तीन-तीन चुण्यांच्या पंज्यांसारखं दिसेल का?

बी २०१: नाही, ते वेगळं. त्याला आत बकरम घालून एकेक चुणी मोजून पक्की शिवायला लागते. दिसतं देखणं, पण धुतल्यावर इस्त्री फिरत नाही आणि बकरम चुरगळतं. दोरीच्या टेपचं मोठं सुख हेच की धुवायच्या वेळी दोरी सोडली की पडदा परत सपाट साडीसारखा होतो. धुवा, वाळत घाला, इस्त्री करा, परत दोरी ओढा. आपल्याकडे समोर बांधकाम चालू आहे, पडदे वरचेवर धुवावे लागणार हे नक्की.

बी ५०३: आणि ते हॉटेलात असतात लाटांसारखे, वर चुणीच नसते, ते?

सी ६०४: त्याला वेगळा ट्रॅक आणि सारख्या अंतरावर जोडलेले रनर लागतात. शिवणं सोपं असतं, पण कापडात थोडा ताठपणा हवा. मऊ साडी तशी उभी राहणार नाही.

ए ४०३: ठीक. टेप नक्की. आता घेर किती? तीन साड्या पुरतील?

बी २०१: हिशेब मांडू या. टेपच्या चुण्यांना ट्रॅकच्या दुप्पट ते अडीचपट कापड हवं. ट्रॅक नऊ फूट म्हणजे १०८ इंच. साडीचा पन्हा साधारण ४६ इंच, तुझ्या साड्यांचा टेपने मोजून घे. साडी साडेपाच मीटरची, मधोमध कापली की दोन तुकडे, प्रत्येकी १०८ इंच लांब. तीन साड्यांचे सहा तुकडे, सहा गुणिले ४६ म्हणजे २७६ इंच. अडीचपट घेर सहज मिळाला. दोनच साड्या वापरल्यास तर पावणेदोन पट होईल, पडदा ताणल्यासारखा दिसेल. एका बाजूला तीन तुकडे, दुसऱ्या बाजूला तीन.

ए ४०३: आणि पदर? पदर कापायला मन होत नाहीये. सगळ्यात सुंदर तोच आहे.

बी २०१: कापूच नकोस. दोन्ही हिरव्या साड्यांचे पदराचे तुकडे पडद्यांच्या आतल्या कडेला घे, जिथे दोन पडदे एकमेकांना भेटतात. पदर खाली येईल. बंद केल्यावर दोन पदर शेजारी शेजारी. त्यालगत विटकरी, आणि भिंतीकडे हिरवीचा उरलेला साधा तुकडा. दोन्हीकडे सारखंच होतं. विटकरी साडीचा पदर मात्र कापावा लागेल, कारण तो एकच आहे. त्याचे पडदे बांधायचे पट्टे कर आणि उरलेल्यातून उशीचे अभ्रे.

ए १०२: काकू, हे ऐकूनच डोळ्यांसमोर आलं. फोटो नक्की टाक ग.

सी ३०१: एक विचारू का? आपल्या बाल्कन्या पश्चिमेकडे आहेत. दुपारनंतरचं ऊन थेट आत येतं. सुती रंग वर्ष-दोन वर्षांत उडतील. अस्तर लावणार का?

बी २०१: बरं झालं काका तुम्ही आठवण केलीत. अस्तर हवंच, पांढऱ्या मांजरपाटाचं. ऊनही अडेल आणि साडीवरचा ताणही कमी होईल. पण ए ४०३, नीट ऐक. साड्या इतकी वर्षं धुतलेल्या आहेत, त्या आता आटणार नाहीत. मांजरपाट कोरा असतो, पहिल्या पाण्यात चांगलाच आटतो. न भिजवता शिवलास तर पहिल्या धुण्यानंतर अस्तर आखडेल आणि साडी त्याच्यापुढे फुगून लोंबेल. रात्रभर पाण्यात भिजव, खळ निघू दे, वाळव, इस्त्री कर आणि मगच कात्री लाव.

सी ६०४: मध्येच एक सूचना. उद्या टाक्या धुणार आहेत, सकाळी ११ ते दुपारी २ सर्व विंगचं पाणी बंद राहील. कृपया भरून ठेवा.

बी २०१: मग मांजरपाट आजच भिजत घाल!

ए ४०३: हो काकू, अस्तरासाठी आणलेला घरात आहेच, संध्याकाळीच टाकते. साड्यांचं अजून काही बघायचं आहे का?

बी २०१: प्रत्येक साडी खिडकीत उजेडासमोर धर. कमरेला खोचायचा भाग आणि निऱ्यांचा भाग विरलेला असतो, उजेड आरपार दिसतो. फॉल उसव, त्याच्याखाली काठ गडद राहिलेला दिसेल, तो भाग घडीत जाईल असा ठेव. विरलेली जागा वर, टेपच्या पट्ट्यात येत असेल तर तेवढी लांबी वरूनच कापून टाक. तुला लागणार किती? दार सात फूट, ट्रॅक त्याच्या चार इंच वर, म्हणजे तयार पडदा ८७ इंच, जमिनीला टेकायला नको. वर दीड इंच दुमड, खाली दोन दोन इंचांची दुहेरी दुमड. ९३ इंच पुष्कळ झाले. तुझ्याकडे १०८ आहेत, म्हणजे विरलेलं टाकायला पंधरा इंचांची मोकळीक आहे. पदराच्या तुकड्यांना खालून हात लावू नकोस, जे काय कापायचं ते वरून.

सी ६०४: कापायच्या आधी ट्रॅक बसवून घ्या आणि रनरपासून जमिनीपर्यंत तीन ठिकाणी मोजा. आपल्या फरश्यांना बाल्कनीकडे उतार आहे, दोन टोकांत फरक येतो.

ए ४०३: हे लक्षातच आलं नसतं. आणि टेप किती आणू?

बी २०१: एका पडद्याला तीन पन्हे, १३८ इंच, म्हणजे साडेतीन मीटर. टोकं दुमडायला थोडी जास्त. दोन्हींना मिळून आठ मीटर आण. मी बुधवारी रविवार पेठेत जातेय, आणू का तुझ्यासाठी? हुकही तिथेच घेईन.

ए ४०३: काकू, आणाच प्लीज. पैसे लगेच पाठवते.

बी ५०३: काकू, मी फक्त वाचतोय पण विचारतो, टेप शिवताना ती तिरकी जाते असं बायको म्हणते.

बी २०१: कारण आपण वरची कड एका दिशेने शिवतो आणि खालची परत फिरून उलट दिशेने. दोन्ही ओळी एकाच बाजूकडून सुरू करायच्या, मग पीळ पडत नाही. टाका लांब ठेवायचा, सुई १४ नंबरची, आणि दोरीवर शिलाई अजिबात जाता कामा नये, नाहीतर ती ओढलीच जाणार नाही. आतल्या कडेला दोऱ्यांना घट्ट गाठी मारून त्या दुमडीत दाबायच्या, भिंतीकडच्या कडेला मोकळ्या सोडायच्या आणि तिथूनच ओढायच्या. ओढून पडदा ५६ इंचांवर आणायचा, म्हणजे मध्ये दोन्ही पडदे थोडे एकमेकांवर येतात. उरलेली लांब दोरी कापायची नाही हां, गुंडाळून मागे टाचून ठेवायची. कापलीस तर धुण्याच्या वेळी पडदा सपाट होणार नाही.

ए १०२: हे सगळं एका ठिकाणी लिहून ठेवायला हवं. मीही पुढच्या वेळी टेपच लावेन.

बी २०१: ए ४०३, गुरुवारी दुपारी चारनंतर घरी ये. विटकरी पदरातला एक छोटा तुकडा आण, त्यावर टेप लावून दाखवते, आधी त्याच्यावर हात बसव. आणि सासूबाईंनाही घेऊन ये, कुठला काठ कुठे घ्यायचा ते त्यांनाच विचारू.