साओ तोमेत मागे राहिलेले आठ प्रवासी : कप्तानाचं चुकलं का?

दर्यावर्दी (धागाकर्ता)

क्रूझचा विषय निघाला की कुणीतरी हमखास बजावतं, "उशीर केलात तर जहाज थांबत नाही हं." बरोबरच आहे, थांबूही नये. पण न थांबणं वेगळं आणि दारात आलेल्या माणसाला आत न घेणं वेगळं. मला चर्चा हवी आहे ती या दुसऱ्या गोष्टीवर.

प्रकरण थोडक्यात सांगतो. मार्च २०२४. 'नॉर्वेजियन डॉन' हे जहाज केपटाउनहून बार्सिलोनाला निघालं होतं, २१ दिवसांची सफर. वाटेत आफ्रिकेच्या पश्चिमेला साओ तोमे आणि प्रिन्सिपे हा छोटासा बेटांचा देश लागतो, तिथे ते थांबलं. आठ प्रवासी जहाजाची सहल न घेता स्थानिक माणसाबरोबर बेट बघायला गेले. परतायची वेळ दुपारी तीनची होती, ती त्या सहलीत हुकली. हे लोक किनाऱ्यावर आले तेव्हा जहाज समोर नांगर टाकून उभं होतं, डोळ्यांना दिसत होतं. तिथल्या तटरक्षक दलाने त्यांना आपल्या बोटीतून जहाजापर्यंत नेलं. कप्तानाने वर घेतलं नाही. त्यांच्यात एक गर्भवती होती, काही वयस्कर होते. पासपोर्ट बंदरातल्या एजंटकडे सोपवून जहाज निघून गेलं.

पुढे हे लोक विमानं बदलत, देश ओलांडत गांबियातल्या बांजुलला जहाज गाठायला निघाले. पण भरती-ओहोटीचं आणि हवामानाचं जमेना म्हणून जहाज बांजुलला लागलंच नाही. मग रस्त्याने सेनेगलमधल्या डकारला जाऊन शेवटी त्यांनी जहाज गाठलं.

माझं म्हणणं एवढंच : तीन वाजता शिडी उचलली, ठीक. पण सरकारी बोट माणसं घेऊन जहाजाला खेटून उभी असताना नकार देणं ही शिस्त नव्हे, तो निष्ठुरपणा आहे.

नियम_म्हणजे_नियम

पूर्ण असहमत. कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं की वेळ ध्वनिक्षेपकावरून जाहीर होते, रोजच्या पत्रकात छापलेली असते आणि उतरताना दाराशी लिहिलेली असते. अजून काय करायचं? जहाजावर दोन हजारांच्या वर माणसं होती, ती वेळेत आली ना? आठांसाठी दार उघडलंत की पुढच्या बंदरात ऐंशी जण 'बोट करून येऊ की' म्हणत बाजारात रेंगाळतील. विमान चुकलं तर आपण धावपट्टीवर जाऊन दार ठोठावतो का?

कोकणकन्या

नियम_म्हणजे_नियम, उदाहरण चुकीचं घेतलंत. आमच्याकडे गाडी सुटलेली असली तरी म्हातारी बाई पिशव्या सावरत धावत येताना दिसली की एसटीचा कंडक्टर दोरी ओढून गाडी थांबवतो. त्याने एसटीचं वेळापत्रक कोलमडलं असं काही ऐकलं नाही. धागाकर्त्याला अनुमोदन.

शिडीवरचा

मी मडगावचा. काही वर्षं क्रूझ जहाजावर सुरक्षा विभागात होतो, ड्यूटी शिडीच्या तोंडाशी. (जहाज वेगळं होतं, साओ तोमेला मी गेलेलो नाही.) आतून काय चालतं ते सांगतो, म्हणजे हवेतल्या गोष्टी कमी होतील.

उतरताना प्रत्येकाचं कार्ड यंत्राला लावतो, चढताना पुन्हा लावतो. त्यामुळे किती जण बाहेर आहेत ते आम्हाला कायम आकड्यात माहीत असतं. वेळ संपली की यादी निघते, नावं पुकारली जातात, केबिनमध्ये फोन जातो. कधीकधी माणूस आत झोपलेला सापडतो आणि यंत्राचीच चूक निघते. तरी कुणी राहिलंच तर दोघं जण मिळून केबिन उघडतात. तिजोरीत पासपोर्ट असला तर तो, आणि हाताशी असतील ती औषधं, पाकिटात घालून एजंटच्या हातात देतात. त्या एजंटचा फोन नंबर रोजच्या पत्रकावर छापलेला असतो. शंभरातला एकही प्रवासी तो नंबर बरोबर घेऊन उतरत नाही, ही आमची रोजची हळहळ.

आणि कुणालाही मागे टाकून जाताना जहाजावर आनंद होत नाही. धक्क्यावर पळत येणारी माणसं वरच्या डेकवरून लोक मोबाइलवर टिपत असतात, ओरडत असतात. आम्ही मात्र रेडिओला कान लावून असतो, ब्रिजवरून (जिथून कप्तान जहाज चालवतो तिथून) 'अजून दोन मिनिटं' येतंय का म्हणून. पुष्कळदा येतंही. धक्क्याला लागलेलं जहाज थोडं थांबतं, हे मी पाहिलंय.

साओ तोमेची गोष्ट निराळी. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटींनी ने-आण होते. शेवटची बोट वर उचलली, पाण्यालगतचं दार बंद केलं, बंदराचे कागद पुरे झाले की जहाज मनाने निघालेलं असतं. ते दार पुन्हा उघडायचं तर समुद्र शांत लागतो. लाटेवर वरखाली होणाऱ्या बोटीतून म्हाताऱ्या माणसाला जहाजात ओढून घेणं म्हणजे पाय चिरडायचा धोका. बंदरात जहाजाला वाट दाखवणारा पायलट असा चढतो, पण तो रोजचा सराव असलेला माणूस. एसटी आणि जहाज यांत एवढं अंतर आहे, कोकणकन्या.

दर्यावर्दी

शिडीवरचा, ही माहिती द्यायला तुमच्यासारखाच माणूस हवा होता. पण यातूनच माझा मुद्दा पक्का होतो. लाट मोठी होती, दार उघडणं धोक्याचं होतं, असं कंपनीने म्हटलं असतं तर मी हा धागाच काढला नसता. माझ्या वाचनात जे निवेदन आलं त्यात भर एकाच गोष्टीवर : वेळेत परतणं ही प्रवाशाची जबाबदारी. समुद्राचा उल्लेख नाही. कप्तानाला सुरक्षेसाठी 'नाही' म्हणायचा पूर्ण अधिकार आहे. धडा शिकवण्यासाठी तो अधिकार नाही.

इंजिनरूम

थांबल्याने काय बिघडतं ते कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. पायलट, जहाज ओढणाऱ्या टगबोटी आणि पुढच्या बंदरातली जागा आधीच ठरलेली असते. गेलेला वेळ वेग वाढवूनच भरून काढावा लागतो, आणि वेगाचं गणित फार महाग आहे. वेग १० टक्के वाढवला तर लागणारी ताकद ढोबळमानाने ३३ टक्के वाढते. शिवाय ज्या भरतीमुळे बांजुल हुकलं ती काही कुणासाठी थांबत नाही. अर्ध्या तासाची दया पुढे दोन हजार लोकांचं एक बंदर खाऊ शकते.

दर्यावर्दी

मान्य. पण इंजिनरूम, ते जहाज तेव्हा उभंच होतं. आठ माणसं चढायला किती वेळ लागतो?

वडाची_सावली

सगळे त्या आठ प्रवाशांबद्दल बोलताय, त्यांतले बहुतेक अमेरिकी. आपल्या पासपोर्टवाल्यांचं काय होतं ते बघा.

माझे सासू-सासरे भूमध्य समुद्रातल्या सफरीवर होते. जहाज चिविताव्हेक्कियाला लागलं. कंपन्या त्याला 'रोम' म्हणतात, पण रोम तिथून सत्तरेक किलोमीटर. दोघं स्वतःच रेल्वेने गेले, आणि परतताना गाडी मध्येच कुठल्यातरी स्टेशनात उभी राहिली ती राहिलीच. इटालियन घोषणा कळेनात. सासूबाईंची इन्सुलिन केबिनमधल्या फ्रिजमध्ये. शेवटी डब्यातल्या एका मुलीने फोनवरून टॅक्सी बोलावून दिली आणि ते वेळेत पोचले. पण त्या तासाभरात इकडे डोंबिवलीत आमच्या घरात काय चाललं होतं ते मलाच माहीत.

ती चुकामूक इटलीत झाली असती तरी निदान शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) हातात होता. पुढे जहाज तुर्कस्तानात कुशादासीला जाणार होतं. तिथे राहिले असते तर? पुष्कळ देशांत जहाजाच्या प्रवाशाला दिवसभर उतरायची मुभा मिळते, ती जहाज आहे तोवरच. जहाज गेलं की तुम्ही विनाव्हिसा परदेशी. आणि शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर इटलीतून बाहेर पडल्यावर तोही संपला. मग पुढे ग्रीसला जाऊन जहाज गाठायची वाटही बंद. अमेरिकी माणूस तिकीट काढून पुढच्या बंदराला जातो, आपला माणूस वकिलातीत बसतो. त्यामुळे 'उशीर केला, भोगा आता' हे वाक्य आपल्याला परवडणारं नाही.

नियम_म्हणजे_नियम

वडाची_सावली, सासूबाई सुखरूप पोचल्या हे वाचून बरं वाटलं. पण हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. पासपोर्ट कमकुवत आहे ना, मग जहाजाचीच सहल घ्या. तिची बस अडकली तर जहाज थांबतं, किंवा पुढच्या बंदरापर्यंत कंपनी स्वखर्चाने पोचवते. जादा पैसे त्याचेच असतात.

वडाची_सावली

आणि ज्याला ते जादा पैसे परवडत नाहीत त्याने जहाजावरून रोमच्या दिशेला बघत बसायचं? दोघांच्या रेल्वे तिकिटाच्या कितीतरी पट पैसे लागतात त्या बसला. सुरक्षितता विकायची आणि न घेणाऱ्याला तिष्ठत ठेवायचं, हा धंदा मला पटत नाही.

घड्याळजी

एक मुद्दा राहिला. उशीर दर वेळी बेफिकिरीतून होत नाही. मेक्सिकोतलं कोझुमेल वर्षभर एकच वेळ पाळतं. उन्हाळ्यात मायामीचं घड्याळ त्याच्या एक तास पुढे असतं आणि तिथून निघालेली बरीच जहाजं मायामीचीच वेळ ठेवतात. किनाऱ्यावर उतरलात की मोबाइल आपोआप स्थानिक वेळ धरतो. मोबाइलवर साडेतीन, जहाजावर साडेचार. माणूस निवांत कॉफी पीत असतो आणि शिडी उचलली जाते. हाताला काट्यांचं साधं घड्याळ बांधा, जहाजाच्या वेळेला लावा आणि त्याला हात लावू नका.

कायद्याचं_बोला

अमेरिकेत वेगळीच गोम आहे. १८८६च्या कायद्याप्रमाणे परदेशी झेंड्याच्या (म्हणजे परदेशात नोंदलेल्या) जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेऊन सोडता येत नाहीत. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक परदेशी झेंड्याची. म्हणून सिअॅटलहून अलास्काला जाणारी जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियासारख्या बंदराला लागून येतात. आता तुम्ही अलास्कातल्या केचिकनला मागे राहिलात आणि तिथूनच घरी गेलात, तर हिशेब सिअॅटल ते केचिकन असा होऊ शकतो. दंड कंपनीला, आणि तो प्रवाशाकडून वसूल करायची तरतूद अनेक करारांत असते. तिकिटाचा करार कुणी वाचत नाही.

शिडीवरचा

दर्यावर्दी, तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं. समुद्र शांत असेल तर आठ माणसं दहा मिनिटांत आत येतात. त्या दिवशी तिथे काय होतं ते ब्रिजवरच्यांना माहीत. पण मला विचाराल तर मी दार उघडा म्हटलं असतं, आणि कप्तान 'नाही' म्हणाला असता तर दार बंदच ठेवलं असतं. जहाजावर दोन कप्तान चालत नाहीत.

आम्हा कर्मचाऱ्यांना तर प्रवाशांच्याही आधी परतावं लागतं. उशीर झाला की लेखी ताकीद, आणि जहाज चुकलं तर नोकरीवरही गदा. माझ्या केबिनमधला रत्नागिरीचा पोरगा घरी व्हिडिओ कॉल करायला वायफाय शोधत गेला आणि जहाज चुकलं. त्याच्यासाठी कुठल्या तटरक्षक दलाने बोट काढली नाही.

दर्यावर्दी

त्याचं पुढे काय झालं?

शिडीवरचा

पुढच्या बंदरातून त्याला घरी पाठवला. आता तो मुंबई-मांडवा फेरीवर आहे. म्हणतो, इथे शेवटची बोट चुकली तरी रस्त्याने घरी जाता येतं.

नियम_म्हणजे_नियम

त्या पोराबद्दल वाईट वाटलं. मत मात्र बदललेलं नाही.

दर्यावर्दी

माझंही नाही. पण बांजुल ते डकार हा खर्च देऊ असं कंपनीनेच नंतर कबूल केलं होतं, हेही इथे नोंदवून ठेवतो. बांजुल कंपनीने रद्द केलं म्हणून तो खर्च तिचा, हे न्यायाचंच झालं. मग जहाजाला खेटून उभ्या असलेल्या बोटीचं उत्तरही कंपनीनेच द्यायला हवं होतं.