तुमच्या कामात नाक कोणी खुपसलं? – न मागितलेल्या सल्ल्यांचे अनुभव

परवा भाजणीची पहिली चकली तेलात पडली आणि हसली. काटे, वेढे सगळं सुटं होऊन कढईभर पसरलं. ओट्याशी नणंद उभी, दारात खालच्या मजल्यावरचे काका (ऑर्डर द्यायला आले होते, दिली नाही). नणंद म्हणाली, "वहिनी, मोहन कमी पडलं." काका म्हणाले, "छे, तेल तापलं नाहीये." सदाशिव पेठेत अठरा वर्षं फराळ करून विकतेय हो मी! मोहन जास्त झालं होतं. गोळ्यात मूठभर कोरडी भाजणी आणि पाण्याचा हबका मारून पुन्हा मळलं, दुसरी चकली शहाण्यासारखी तळून निघाली. काकांनी तीच उचलली, खाल्ली आणि म्हणाले, "बघा, तेल तापल्यावर कशी झाली!"

मी काहीच बोलले नाही, ते अजून डाचतंय. तुमचे अनुभव लिहा. धंदा, नोकरी, घरकाम, काहीही चालेल. सल्ला काय मिळाला आणि तुम्ही काय उत्तर दिलंत? वेळेवर सुचलं नसेल तर रात्री अंथरुणात सुचलेलं लिहा.

*

हिंजवडी, टेस्टिंगमध्ये आहे

लग्नाच्या पंगतीत बाबांचे मित्र. "म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या? हे काय काम झालं? अजून वय आहे, बँकेच्या परीक्षा दे." म्हटलं, "काका, पुण्यात सगळे फुकट काढतात, मला पगार मिळतो." बाबा आठवडाभर बोलले नाहीत माझ्याशी.

*

कसबा पेठ, मूर्तिकाम

आमच्याकडे जून उजाडला की सल्ल्यांचा पाऊस. शाडू सावलीतच वाळू द्यावी लागते. वरचा थर आधी सुकला आणि आत ओल राहिली की माती आवळते, तडा जातो. पण येणारा प्रत्येक जण म्हणणार, "उन्हात ठेवा की एक दिवस." एका ताईंनी हेअर ड्रायर सुचवला. मागे एक गृहस्थ फार मागे लागले. म्हटलं, तुमचीच मूर्ती आहे, न्या गच्चीवर. तिसऱ्या दिवशी फडक्यात गुंडाळून परत आणली. सोंडेच्या मुळापासून पोटापर्यंत रेघ. आम्ही ओली माती भरली, पाण्याच्या बोटाने घोटून घेतली, पुन्हा आठ दिवस सावलीत. एक शब्द बोललो नाही. दुरुस्तीचे पैसे मात्र घेतले.

*

स्वारगेट, रिक्षा चालवते

मला पॅसेंजर सल्ले देतात त्याचं काही वाटत नाही. बाई चालवतेय म्हटल्यावर मागे बसून ब्रेक दाबणारे रोज दोन तरी भेटतात. हा अनुभव उलटा आहे म्हणून लिहितेय.

पहिल्या वर्षी खेड शिवापूरचं भाडं मिळालं. स्टँडवरचे एक म्हातारे रिक्षावाले, ज्यांनी तोवर माझ्याकडे धड बघितलंही नव्हतं, ते सगळ्यांदेखत ओरडले, "ए पोरी, घाट उतरताना न्यूट्रल करशील आणि मरशील! गियरमध्येच ठेव!" बाकीचे हसले. असा संताप आला, की नुसतं हँडल आवळून निघाले. पण खरं सांगते, पेट्रोल वाचवायला मी उतारावर न्यूट्रलच करायचे. त्या दिवशी कात्रजचा घाट उतरताना रिक्षा दुसऱ्या गियरमध्ये ठेवली. इंजिन आपणच गाडी धरून ठेवतं, ब्रेकवर पाय जेमतेम ठेवावा लागतो, हे तेव्हा कळलं. आल्यावर त्यांना चहा पाजला. थँक्यू नाही म्हटलं. तशा ओरडण्याला कशाला म्हणायचं?

*

सदाशिव पेठ, निवृत्त

मी सल्ले देणाऱ्यांतला. आमची बाजू कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

छापखान्यात खिळे जुळवण्यात माझी उमर गेली. खिळ्यावरचं शिशाचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे उलटं वाचायची आणि चूक हेरायची डोळ्यांना सवय. ती निवृत्त होत नाही. कोपऱ्यावर फ्लेक्सचं दुकान आहे. गेल्या महिन्यात एक मुलगा पडद्यावर वाढदिवसाचा मजकूर लावत होता, 'हार्दीक शुभेच्छा'. खाली 'आर्शिवाद'. मी बाहेरूनच म्हटलं, "बाळा, हार्दिक ऱ्हस्व. आणि आशीर्वादात 'शी' दीर्घ, रफार 'व'वर हवा, 'श'वर नको." त्याने मान वर न करता सांगितलं, "आजोबा, गिऱ्हाईकाने असंच पाठवलंय. बदललं तर शिव्या मी खातो."

त्याचं बरोबर होतं. मी निघून आलो. फ्लेक्स नेमका आमच्याच चौकात लागला, वीस फुटी. रोज सकाळी त्याच्याखालून दूध आणायला जातो.

*

(धागा काढणारी)

काका, एक विचारू? तुम्ही पहिल्या मजल्यावर राहता का हो? चकलीची ऑर्डर राहिलीय तुमची.