'एक्झिक्युटिव्ह ऑर्डर'ला वटहुकूम म्हणावे का?

बोरू:
एका मंडळाच्या स्मरणिकेसाठी अमेरिकेतील जन्मसिद्ध नागरिकत्वाच्या वादावर मी नुकतेच एक टिपण लिहिले. २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काढलेल्या १४१६० क्रमांकाच्या 'एक्झिक्युटिव्ह ऑर्डर'साठी मी सर्वत्र 'कार्यकारी आदेश' असे लिहिले होते. संपादकांनी तो शब्द कोरडा ठरवला आणि सगळीकडे 'वटहुकूम' केले. माझी मुलगी आणि जावई एच-१बी या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर न्यू जर्सीत आहेत आणि मुलीला सातवा महिना आहे. आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील, तर त्यांच्या बाळाला जन्माने नागरिकत्व मिळू नये, असे हा आदेश सांगतो. त्यामुळे आमच्या घरी ते टिपण बारकाईने वाचले गेले. महसूल खात्यातून निवृत्त झालेले माझे व्याही वाचून म्हणाले, "वटहुकूमच आहे ना? मग अधिवेशन भरल्यापासून सहा आठवड्यांत सभागृहांनी मंजूर केला नाही तर तो आपोआप पडेल. काळजी कशाला करता?" त्यांचा तर्क आपल्या घटनेच्या १२३व्या अनुच्छेदाप्रमाणे बिनचूक होता. चूक त्यांच्या हाती दिलेल्या शब्दात होती. तेव्हा मराठीत नेमका कोणता शब्द वापरावा?

दप्तर:
मी संपादकांच्या बाजूने आहे. 'वटहुकूम' हा शब्द आमच्या आजीलाही कळत असे आणि तिने राज्यघटना कधी उघडलेली नव्हती. सभागृहाला न विचारता वरच्या माणसाने काढलेला हुकूम, एवढाच अर्थ तिच्या मनात होता आणि 'एक्झिक्युटिव्ह ऑर्डर'ला तो पुरेपूर लागू पडतो. 'त्याची गावात वट आहे' म्हणताना आपण जी वट म्हणतो तीच या शब्दात आहे, अशी माझी समजूत आहे.

तळटीप:
दप्तर यांच्या आजींबद्दल आदर ठेवून सांगतो की हा अर्थ अपुरा आहे. आपला वटहुकूम हा कायदाच असतो. तो अल्पायुषी असला तरी संसदेच्या अधिनियमाइतकाच बलवान असतो. म्हणून तर पुण्याच्या गोखले संस्थेतील डॉ. वाधवा यांनी बिहारमध्ये तेच ते वटहुकूम वर्षानुवर्षे पुन्हा काढले जात असल्याचे शोधून काढले आणि त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाऊन १९८६ मध्ये निकाल मिळवला. अमेरिकेच्या अध्यक्षांना असा कायदा करताच येत नाही. ते आपल्या हाताखालच्या खात्यांना आदेश देतात आणि त्या आदेशामागे राज्यघटनेने किंवा काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, आधीच दिलेला अधिकार असावा लागतो. तो नसेल तर १९५२ मध्ये ट्रूमन यांचे झाले तसे होते: त्यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेण्याचा आदेश काढला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो अवैध ठरवला. त्याच वर्षी झालेल्या स्थलांतर व नागरिकत्व कायद्यात, देशहिताला बाधक वाटणाऱ्या परकीयांचा प्रवेश रोखण्याची मुभा मात्र अध्यक्षांना दिलेली आहे. ट्रम्प यांनी सात देशांच्या नागरिकांवर घातलेल्या प्रवेशबंदीचा खटला मुख्यतः त्या कलमाभोवती फिरला. २७ जानेवारी २०१७ चा पहिला आदेश सिएटलच्या न्यायाधीशांनी आठवड्याभरातच देशभर रोखला, ६ मार्चला दुसरा आला, २४ सप्टेंबरला तिसरी आवृत्ती आली आणि ती २६ जून २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ मतांनी टिकली. 'वटहुकूम' म्हटले की वाचक 'हा मंजूर कधी होणार' असे विचारतो. खरा प्रश्न 'हा कोणत्या कायद्याखाली काढला' असा आहे.

हडसनकाठ:
तळटीप यांच्या माहितीत एक भर घालतो, कारण ती याच शब्दाशी निगडित आहे. जी तिसरी आवृत्ती टिकली ती 'एक्झिक्युटिव्ह ऑर्डर' नव्हती, 'प्रोक्लमेशन' होती. त्याला आपण 'उद्घोषणा' म्हणतो. १९ सप्टेंबर २०२५ रोजी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची अट आली, तीही त्याच १९५२च्या कलमाखालील उद्घोषणेने. माझा धाकटा भाऊ तेव्हा सर्वपित्री अमावास्येला वडिलांचे श्राद्ध करण्यासाठी साताऱ्याला आला होता. शनिवारची मध्यरात्र उलटून रविवार लागल्यावर अमेरिकेत प्रवेश करणाऱ्यांना ही अट लागेल अशा बातम्या आल्या आणि श्राद्ध न करताच तो शनिवारी मिळेल त्या विमानाने निघाला. सध्याच्या व्हिसाधारकांना ही अट लागू नाही, असा खुलासा झाला तेव्हा तो प्रवासात होता. त्या दिवशी आमच्या कुटुंबाच्या गटावर 'वटहुकूम', 'फतवा', 'फर्मान', 'जीआर' असे चारही शब्द फिरत होते आणि त्यांपैकी एकानेही, हा नियम कोणाला लागू आहे, ते सांगितले नाही. हे मला अजून लागून राहिले आहे.

रानजाई:
'फर्मान' आणि 'फतवा' तर नकोतच. फर्मानाविरुद्ध दाद मागता येत नसे, आणि इथे तर सही वाळण्याआधी दावे दाखल होतात. पण मुळात 'हुकूम' हाच शब्द अरबी आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो अशाच शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. आपण 'अध्यक्षीय आदेश' असे का म्हणू नये? तो स्वच्छ आहे आणि कोणालाही कळतो.

निरंतर:
मी पस्तीस वर्षे दिवाणी न्यायालयात अर्जलेखन केले. हुकूम अरबी आहे म्हणून काढायचा ठरवला, तर 'तूर्तातूर्त मनाई हुकूम' कुठे ठेवणार? माझ्या मते याच खटल्यांच्या बातम्यांत त्याहून मोठी चूक होते आणि ती कोणी मांडलेली नाही. न्यायाधीशांनी आदेश रोखला की मराठीत सरसकट 'स्थगिती' छापतात. स्थगिती हुकुमाला मिळते आणि मनाई माणसाला केली जाते. जन्मसिद्ध नागरिकत्वाच्या प्रकरणात २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी जे सांगितले ते या भेदावरच उभे आहे: खालच्या न्यायालयाने मनाई करायची ती दावा घेऊन आलेल्या पक्षकारांना पुरेसा दिलासा मिळेल इतकीच करावी, साऱ्या देशासाठी नव्हे. आदेश घटनेला धरून आहे की नाही, यावर त्या दिवशी निकाल झालाच नाही. 'स्थगिती उठली' असे वाचणाऱ्याला वाटले की आदेश सर्वांना लागू झाला. प्रत्यक्षात १० जुलैला न्यू हॅम्पशायरच्या न्यायाधीशांनी अशा सर्व बाळांचा एक वर्ग धरून त्यांच्यासाठी मनाई दिली.

दप्तर:
निरंतर यांचे म्हणणे मला पटले. 'स्थगिती'ऐवजी 'मनाई' हवे. वटहुकुमाबद्दल मात्र मी मागे हटत नाही. २०२४च्या जानेवारीत वाशीला मराठा आंदोलकांच्या हाती सगेसोयऱ्यांबाबतचा कागद दिला गेला, तो अधिसूचनेचा मसुदा होता. तरीही लोकांनी आणि वृत्तवाहिन्यांनी त्याला 'अध्यादेश', म्हणजे वटहुकूमच, म्हटले. लाखो माणसे एक शब्द एका अर्थाने वापरत असतील, तर तो अर्थ कोशात यायला हवा.

तळटीप:
त्याच उदाहरणावरून माझे मत अधिक पक्के होते. मसुद्यावर हरकती मागवल्या जातात, अध्यादेश तत्काळ लागू होतो. तो भेद शब्दानेच पुसला, म्हणून पुढे कित्येकांना फसवणूक झाल्यासारखे वाटले. लोकांचा वापर मान्य करावा, पण ज्या शब्दावर माणूस आपल्या हक्काचा हिशेब मांडतो तिथे तरी काटेकोर राहावे.

रानजाई:
'वट' म्हणजे दरारा, हे दप्तर यांनी कशावरून ठरवले? आमच्याकडे वडाच्या पारावर बसून दिलेला हुकूम तो वटहुकूम, असे सांगत. कोणाकडे जुन्या कागदांतला दाखला आहे का?

निरंतर:
माझ्याकडे आजोबांच्या काळातील काही दरखास्ती आहेत. रविवारी बांधणी सोडून पाहतो. धनादेश वटतो, त्यातला 'वट'ही याच घरचा असावा असे मला वाटते.

बोरू:
सर्वांचे आभार. स्मरणिकेची शेवटची मुद्रिते उद्या जायची आहेत. व्याह्यांना मी फोनवर समजावून सांगितले आहे. 'अध्यक्षीय आदेश' सुचवून पाहतो. संपादक तयार झाले नाहीत, तर निदान 'संसदेच्या मंजुरीशी संबंध नाही' एवढे वाक्य तरी घालावे, असा आग्रह धरणार आहे.