दुडकीत (घोड्याच्या हलक्या धावेत) मांड (खोगिरातली बैठक) टिकत नाही, डावी रिकीब (पाय ठेवायची कडी) सुटते. व्यायाम की आणखी काही? (इंदूर)

सुदामानगरची

नमस्कार मंडळी. वय ४३, नोकरी खुर्चीतली, रोजचे नऊ तास. मुलीला सकाळी घोडेस्वारीला सोडायचे आणि कुंपणाशी उभी राहून चहा प्यायचे. दिवाळीनंतर उस्ताद म्हणाले, 'मॅडम, आप भी बैठ जाओ.' बसले. आता पाचवा महिना चालू आहे, आठवड्यातून दोन दिवस. मुलगी छोट्या उड्या घ्यायला लागली, आई अजून दुडकीत आपटतेय.

साध्या चालीत सगळं झकास असतं. दुडकी सुरू झाली की पोहे पाखडल्यासारखी उडते. कंबर धरते, खांदे कानाला लागतात आणि डावी रिकीब सुटते. दर वेळी डावीच. उस्ताद ओरडतात, 'नीचे मत देखो!' पण रिकीब कुठे गेली ते बघायला नको का?

जिम लावू, योगवर्ग लावू की फिजिओकडे जाऊ? क्लबातल्या एकीने खोगिरावर घालायचं जेलचं कव्हर सुचवलंय. महाग आहे, पण उपयोग होत असेल तर घेईन. स्वतः बसणाऱ्यांनी किंवा शिकवणाऱ्यांनी सांगावं, व्हिडिओ पाहून पाहून डोकं फिरलंय.

पोहे_जास्त_शेव

ताई, पोहे पाखडल्यासारखं म्हणालात तिथेच जिंकलात. सल्ला काही नाही, वाचायला बसलोय. होळकरांच्या गावात राहून आम्ही आजवर फक्त वरातीतल्या घोडीवर बसलो, तीही दोन माणसांनी धरलेली.

खरारा

ताई, जेलचं कव्हर घेऊ नका. त्या पैशांचं घोड्याला गाजर आणा.

मी ग्वाल्हेरचा. नोकरी घोड्यांवरच गेली, आता वय ७१. तुम्ही गुडघ्यांनी धरताय, हे न बघता सांगतो. ओल्या साबणाची वडी मुठीत आवळली तर वर निसटते ना, तसं गुडघे आवळले की बूड खोगिरातून वर निघतं. टाच चढते, पाऊल हलकं होतं, रिकीब गळते. शिवाय पायाचा दाब म्हणजे 'चल' एवढंच घोड्याला शिकवलेलं असतं. तुम्ही घाबरून आवळता, तो बिचारा हुकूम मानून वेग वाढवतो, तुम्ही आणखी आवळता. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक, आणि मधल्या मध्ये तुमची कंबर जाते.

दुडकीचे ठोके दोन. पुढचा एक पाय आणि त्याच्या तिरक्या रेषेतला मागचा पाय एकत्र पडतात, मग दुसरी जोडी. मागचा जो पाय पुढे येत असतो, त्या बाजूची घोड्याची पाठ किंचित खाली जाते. म्हणजे पाठ एकदा डावीकडे खाली, एकदा उजवीकडे. तुमचं बूडही तसंच आळीपाळीने खाली गेलं पाहिजे. कंबर लाकडासारखी धरली की दोन्ही बाजू एकदम उचलल्या जातात आणि एकदम आदळतात. उस्ताद 'सीधे बैठो' म्हणतात, शिकणारा 'ताठ बसा' असं ऐकतो, घोटाळा तिथे होतो.

उस्तादांना सांगा, महिनाभर प्रत्येक तासाची पहिली वीस मिनिटं लाँजवर द्या. लांब दोर त्यांच्या हातात, वीसेक मीटरचं वर्तुळ, घोडा शांत आणि जुनाजाणता. लगाम तुमच्या हातात नकोच. एक हात खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर, दुसरा मोकळा. आधी चालीत रिकिबी काढून बसा, पाय लोंबू द्या, घोट्यातून गोल फिरवा. मग दुडकीची दोनच वर्तुळं, आणि परत चाल. रिकिबीशिवाय अर्धा तास दुडकी करवणारे शूर लोक आहेत, त्यांचं ऐकू नका. दमलं की माणूस आवळतोच, आणि घोड्याची पाठ फुकट सडकली जाते.

आता डाव्या रिकिबीचं. दोन्ही सुटत असत्या तर वरचं सांगून गप्प बसलो असतो. एकच सुटते म्हणजे वाकडेपणा कुठेतरी आहे. तुमच्यात, खोगिरात, नाहीतर घोड्यात. कुणाला तरी बरोबर मागे उभं करून व्हिडिओ काढा, घोडा सरळ रेषेत दूर जाताना. मग बोलू.

पलासियाची_फिजिओ

मी घोड्यावर बसत नाही, पण बसणारे पेशंट येतात, म्हणून लिहिते. आधी एक गोष्ट: दुखणं कंबरेतून पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल, तर धागा बंद करून डॉक्टरांना दाखवा. तसं नसेल तर पुढे वाचा.

नऊ तास खुर्चीत बसणाऱ्याचा मांडीच्या सांध्याचा पुढचा भाग आखडतो. घरी तपासून बघा. पलंगाच्या काठावर उताणं झोपा, पाय खाली सोडा, एक गुडघा छातीशी धरा. दुसरी मांडी गादीवरून उचलली गेली तर आखडलंय. असा माणूस खोगिरात पाय लांब सोडायला गेला की पाय खाली जाण्याऐवजी ओटीपोट पुढे झुकतं, कंबरेत खळगा पडतो आणि दुडकीचे सगळे हादरे तिथे बसतात. तुमची कंबर धरते ती बहुतेक यामुळे.

आठवड्यातून तीन दिवस वीस मिनिटं पुरेत, जिमची फी वाचवा. एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे, असं अर्धं गुडघ्यावर बसून, नितंब आवळून मांडीचा पुढचा भाग ताणायचा, प्रत्येक बाजूला ३० सेकंद, दोनदा. मग उताणं झोपून गुडघे वर, हात वर, आणि विरुद्ध हात-पाय सावकाश खाली नेऊन परत आणायचे. कंबर जमिनीवरून सुटली की थांबा, तिथपर्यंतच तुमची ताकद आहे. प्लँक मिनिटभर ठोकण्यापेक्षा हे बरं, कारण घोड्यावर धड स्थिर आणि हातपाय मोकळे लागतात. पाय वाकवून कंबर उचलण्याचा सेतुबंधासारखा प्रकार दहा-बारा वेळा. जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा खाली सोडायच्या. दात घासताना एका पायावर उभं राहा आणि दोन्ही बाजूंची तुलना करा, यातून पुष्कळ कळेल.

आणि हे सगळ्यात सोपं: लाकडी पाटावर मांडी घालून बसा. बुडाखाली दोन हाडं टोचतील. ओटीपोट किंचित पुढे-मागे झुकवा आणि दोन्ही हाडांवर सारखं वजन येतंय का ते बघा. आपल्याकडे जेवायलाही टेबल आलं, चाळिशीतल्या बायकांना मांडी घालून दहा मिनिटं बसवत नाही. मांडी जमत नसेल तर मांड कशी जमेल?

बायकांच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही, म्हणून सांगते: चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा घ्या. खांदे कानाला लागण्याचं निम्मं कारण तेच असतं, माणूस नकळत छाती सांभाळत आत वाकतो.

दोरीचा_मल्लखांब

एवढं कशाला? मल्लखांब लावा! आपल्या मध्य प्रदेशाचा राज्यखेळ आहे. मांड्यांची पकड अशी होते की घोडा उलटा झाला तरी सुटणार नाही. आखाड्यात मोठ्या माणसांनाही घेतात.

खरारा

दादा, मल्लखांबाला हात जोडतो, लहानपणी मीही केलाय. अंग लवचिक होईल, पडण्याची भीती जाईल, एवढ्यासाठी खुशाल करावा. पण खांबाला धरून ठेवलं नाही तर माणूस पडतो, आणि घोड्याला धरून ठेवलं तर पडतो. ताईंना पकड सोडायला शिकायचंय.

दोरीचा_मल्लखांब

मान्य. मग ताईंनी आधी सोडायलाच शिकावं :)

शिलेदार_नाही_बारगीर

माझंही दोन वर्षांपूर्वी असंच होतं. (आयडीचा खुलासा: स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर. क्लबच्या घोड्यावर बसणारे आपण सगळे बारगीर.)

मला उपयोग झाला तो उठत्या-बसत्या दुडकीचा. पाच महिने झालेत तर तुम्हाला येत असेल, पण कशी करता ते बघा. मी रिकिबीवर उभा राहायचो. तसं करायचं नसतं. घोडाच तुम्हाला वर टाकतो, तुम्ही फक्त ओटीपोट पुढे जाऊ द्यायचं आणि हलकेच परत यायचं, रव्याच्या पोत्यासारखं दाणकन नाही. वर्तुळावर बाहेरच्या बाजूचा पुढचा पाय पुढे जातो तेव्हा उठायचं. तो कोणता हे खाली वाकून बघू नका, डोळ्याच्या कोपऱ्यातून खांदा दिसतो. डोकं चार-पाच किलोचं असतं, ते झुकलं की सगळं गाठोडं पुढे कलंडतं.

दुसरं, मोठ्याने मोजा किंवा काहीतरी म्हणा. मी मनाचे श्लोक म्हणायचो, उस्तादांना वाटायचं मी घाबरून देवाचा धावा करतोय. पण बोलताना श्वास अडत नाही, आणि श्वास अडला नाही की खांदे वर जात नाहीत.

खरेदी करायचीच असेल तर टाच असलेले बूट घ्या. स्पोर्ट शूज घालून बसत असाल तर आजच बंद करा. सपाट तळव्याचं पाऊल रिकिबीतून आरपार जातं, आणि पडलात तर घोडा फरफटत नेतो. हेल्मेट क्लबचं नको, स्वतःच्या मापाचं घ्या.

आपल्या इंदूरच्या सुदीप्ती हजेलाचे ड्रेसाजचे (घोड्याकडून शिस्तबद्ध चाली करून घेण्याच्या प्रकाराचे) व्हिडिओ जरूर बघा. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ज्या चौघांनी संघाचं सुवर्ण आणलं, त्यातली एक. घोडेस्वारीत भारताला ४१ वर्षांनी मिळालेलं सुवर्ण. पहिल्यांदा बघताना वाटतं स्वार काहीच करत नाही. दुसऱ्यांदा फक्त कंबरेकडे बघा, ती एक क्षण थांबलेली नसते.

सुदामानगरची

मंडळी, किती मनापासून लिहिलंत! पलंगाची परीक्षा केली, दोन्ही मांड्या हवेत. एका पायावर उजवीकडे ३० सेकंद, डावीकडे अकरा. मुलगी हसून लोळली.

व्हिडिओही काढला, जोडायला जमत नाहीये, सांगते. खोगीर उजवीकडे सरकलेलं दिसतं. मी कंबरेत डावीकडे मोडलेली, डावा खांदा खाली, जणू डावा पाय काहीतरी शोधतोय. पर्स डाव्या खांद्यावर असते, त्यामुळे असेल का? आणि एक विचारायचं राहिलं, लाज वाटत होती. वजन ६८ आहे. घोडी तशी बारीक आहे. तिला त्रास होत असेल का?

खरारा

वजनाचं विचारलंत, बरं वाटलं. फारसं कुणी विचारत नाही.

टेप घेऊन जा. तंगाच्या (पोटाखालून खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याच्या) जागेवरून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. अंदाजे किलो निघतील. स्वार आणि खोगीर मिळून त्याच्या २० टक्क्यांच्या आत असावं, असा ढोबळ हिशेब. घोडी म्हातारी किंवा अशक्त असेल तर त्याहून कमी.

जमिनीवरून चढत असाल तर ते बंद करा, चौथऱ्यावरून चढा. खालून चढताना सगळा भार एका बाजूने पाठीवर येतो आणि खोगीर ओढलं जातं.

पर्सचं नंतर बघू. 'डावा पाय काहीतरी शोधतोय' हे वाक्य मला खटकलं. खोगिरावरून दोन्ही रिकिबींचे पट्टे काढा, जमिनीवर शेजारी शेजारी ठेवा, आणि मोजा. भोकं मोजू नका, लांबी मोजा.

पलासियाची_फिजिओ

३० आणि अकरा हा फरक मोठा आहे. डाव्या बाजूचे व्यायाम आधी करा आणि एक फेरा जास्त. सहा आठवड्यांनी परत मोजा, त्याआधी नको, उगीच मन खट्टू होतं.

शनिवार-रविवारी रालामंडलची टेकडी चढता आली तर चढा, वर होळकरांच्या शिकारकोठीपर्यंत. दम वाढेल. पर्स उजव्या खांद्यावर टांगू नका, पाठीवर घ्या. नाहीतर सहा महिन्यांनी उजवी रिकीब सुटते म्हणून नवा धागा काढाल.

सुदामानगरची

रविवारचा अहवाल.

घोडी: घेर १७०, लांबी १५५. गणित मुलीने केलं, ३७७ किलो आले. २० टक्के म्हणजे ७५. मी आणि खोगीर मिळून ७६! उस्तादांना सांगितलं, त्यांनी डोकं खाजवलं आणि मला मोठा करडा घोडा दिला. पाठ त्याची दिवाणासारखी.

आता पट्टे. डावा पट्टा उजव्यापेक्षा तब्बल दीड इंच लांब निघाला! दोन्ही बकल एकाच नंबरच्या भोकात, म्हणून पाच महिने कुणाला संशय नाही. उस्ताद म्हणाले, 'सब लेफ्ट से चढ़ते हैं मॅडम, चमड़ा खिंच जाता है.' म्हणजे त्यांना ठाऊक होतं! मग पट्टे बदलत का नाही विचारलं, तर म्हणाले, कुणी तक्रारच केली नाही. आता डावीकडच्यात जास्तीचं भोक पाडलंय, आणि दर महिन्याला डावा-उजवा अदलाबदल करायचं कबूल झालंय.

लाँजवर अठरा मिनिटं बसले. मनाचे श्लोक येत नाहीत, म्हणून बाराखडी म्हटली. दुडकीत 'ख'च्या ओळीला एकदा अचानक आपटणं थांबलं. जेमतेम दीड वर्तुळ. मग आनंदाने आवळले आणि परत पोहे.

डावी रिकीब एकदाच सुटली.

राहिला चौथरा. क्लबात नाहीये, सगळे जमिनीवरून चढतात. कुणाला माप माहीत असेल तर द्या, आमच्या गल्लीतल्या सुताराकडून करून घेते.

खरारा

तीन पायऱ्या, प्रत्येक आठ इंच. वरची पायरी दोन्ही पावलं मावतील एवढी रुंद, किमान सव्वा फूट बाय दोन फूट. खालचा पसारा वरच्याहून मोठा, नाहीतर घोडा जरा हलला की स्टूल आणि ताई दोन्ही खाली. कोपरे गोल करून घ्या, घोड्याचा पाय लागतो. रंद्याने गुळगुळीत करू देऊ नका, सुताराला तो मोह आवरत नाही.

आणि डावं जास्तीचं भोक पंचाने पाडलंय ना? खिळ्याने पाडलं असेल तर चामडं तिथून फाटेल. पुढच्या वेळी आधी ते बघा, मग चढा.